कासवाचं आळं

दबोराबाईच्या हाताखालचं अंडं वाया जात नाही, असं सगळं गाव म्हणायचं. गाव काय, पुष्कळ गोष्टी म्हणतं, आणि त्यातल्या निम्म्या पारावरच विरून जातात. ही मात्र खरी होती.

भीमेच्या शिरूरकडच्या काठावर, प्रार्थनामंदिराच्या मागे, चार-पाच घरांची ख्रिस्ती वस्ती आहे. तिच्या टोकाला, नदीकडे तोंड करून, दबोराबाईचं घर. ती नवी सून असताना तिच्या खुडूक कोंबडीचा मुंगसाने फडशा पाडला, पण अंडी डालग्याखाली शाबूत राहिली. सासू म्हणाली, फेकून दे. दबोराने फेकली नाहीत. टोपलीत कोमट केलेला गव्हाचा कोंडा घातला, त्यात अंडी मांडली, वर जुनी गोधडी टाकली आणि टोपली चुलीच्या उबेला ठेवली. अंड्यांवर बसलेली कोंबडी काय करते हे तिने पुष्कळदा बघितलं होतं. मधूनच उठते, चोचीने एकेक अंडं उलटं करते आणि पुन्हा बसते. तसंच ती करू लागली. कुठलं उलटलं, कुठलं राहिलं हे कळावं म्हणून प्रत्येक अंड्यावर तिने कोळशाचा एक ठिपका काढला. सकाळी ठिपका वर, संध्याकाळी खाली. एका अंगावर ठेवलं तर पिल्लू कवचाला चिकटून मरतं, असं तिचं म्हणणं. आणि खरोखरच एके सकाळी कोंड्यातून चिवचिव ऐकू आली. त्या दिवसापासून सासूने तिला नावं ठेवणं बंद केलं. हा पिल्लांपेक्षा मोठा चमत्कार.

मग आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बाया तिच्याकडे येऊ लागल्या. कुणाची कोंबडी अंडी टाकून उठायची, कुणाची मांजराने नेलेली असायची. शेजारची धुरपदा तर स्वतःच्या धडधाकट कोंबडीखालीसुद्धा अंडी ठेवायला हिलाच बोलवायची. दबोराबाई अंडं उजेडाला धरायची, अंगठ्याने अलगद फिरवायची आणि चांगलं की बाद ते सांगून टाकायची. बोलायला ती तशी फटकळ. पण अंडं हातात आलं की तिचा आवाज खाली यायचा.

या मायेचं मूळ जुनं होतं. बहात्तरच्या दुष्काळात तिच्या आईने, सखूबाईने, तिला शिरूरच्या मिशनच्या वसतिगृहात आणून सोडलं होतं. पोर तेव्हा इतकी लहान की आईच्या पदराचा काठ मुठीत घट्ट धरलेला तेवढा तिला आठवत होता. सखूबाईने मूठ सोडवली, गाठोडं तिच्याजवळ ठेवलं आणि फाटकातून बाहेर पडली. रस्ता सरळ होता, लांबपर्यंत दिसत होता. आई दिसेनाशी होईपर्यंत पोरीने बघितलं. आईने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

पुढे सुकाळ आला, सखूबाई भेटायला येऊ लागली. येताना भाजलेल्या शेंगा आणायची. पण लेक तिच्याशी मोकळेपणाने बोलली नाही ती नाहीच. शेवटच्या आजारपणात लेकीने सगळं केलं, अंथरूण धुतलं, भरवलं, पण तोंडाला कुलूप. सखूबाई गेली तेव्हा दबोराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, आणि हे बायांनी बघून ठेवलं.

नवरा बन्यामीन मात्र स्वभावाने अगदी उलटा. घाई म्हणून कशाची नाही. दिवाळीनंतर नदी ओसरली की मधलं वाळूचं बेट उघडं पडायचं, आणि त्यावर तो कलिंगडाची वाडी लावायचा. वाळूत हातभर खोल खड्डे खणायचे, तळाला शेणखत घालायचं, बी टोचायचं, आणि वेलाभोवती आळं करायचं. नदीच्या आतल्या ओलीवर वेल पोसायचा. कलिंगडं तयार झाली की होडीने पलीकडच्या दौंडकडच्या काठावर न्यायची, आणि तिथून वरवंडच्या बाजाराला. रस्त्यावरचे गाडीवाले थांबून थांबून घ्यायचे. बन्यामीन कलिंगड बोटाने वाजवून सांगायचा आणि ते आतून लालच निघायचं. नवरा-बायको दोघांची कीर्ती अशी वरच्या सालीवरून आतलं ओळखण्याची.

त्याच बेटावर कासवं अंडी घालायला यायची. पाठ मऊ कातड्याची, नाक पुढे सोंडेसारखं निघालेलं, अशी भीमेतली मोठी कासवं. थंडी सरता सरता माद्या वर चढायच्या, वाळू उकरायच्या, अंडी घालून वाळू पोटाने दाबून सारखी करायच्या आणि पाण्यात परत जायच्या. नदीला गढूळ पाणी यायच्या बेतात पिल्लं आपली आपण बाहेर पडायची. वाडीवाल्यांचा एक रिवाज होता. आळं करताना अंडी लागली तर हात न लावता तिथल्या तिथे वाळू लोटायची, बाभळीची फांदी रोवायची आणि ते आळं सोडून द्यायचं. त्यात बी टाकायचं नाही, खत नाही, पाणी नाही. त्याला म्हणायचे कासवाचं आळं. भोई असो, मराठा असो, ख्रिस्ती असो, वाळूत उतरला तो हा रिवाज पाळायचा. अशाने कलिंगड गोड होतं असं काहींचं म्हणणं. बन्यामीन हसायचा. गोडी शेणखताची, म्हणायचा.

"मंग सोडता कशापायी?" दबोराबाईने एकदा विचारलं होतं.

"जागा तिची हाय. आपुन मागनं आलो."

"आन् अंड्यांचं कोण बघतं? कुत्रं हाय, मुंगूस हाय. जरा वर कायतरी झाकावं, जाऊन-येऊन बघावं..."

"आपुन काय न्हाई करायचं, दबोरा. नुसतं बाजूला व्हायचं."

हे तिला कधीच पटलं नाही. एकदा तिने मादीला अंडी घालताना बघितलं होतं. किती तो खटाटोप, मागच्या पायांनी खड्डा काय करते, वाळू काय दाबते. आणि मग सरळ पाण्याकडे निघाली, एकदाही मान न वळवता. दबोराबाईचं टाळकंच फिरलं. "कसली आई म्हणायची ही," ती नवऱ्याला म्हणाली. बन्यामीनला सखूबाईची गोष्ट ठाऊक होती. तो वाळू झटकून पुढच्या खड्ड्याला लागला.

पूर्वी बेटावर बाभळीच्या फांद्या इतक्या असायच्या की वाडीत कुंपण मोडून पडलंय की काय असं वाटावं. मग त्या कमी होत गेल्या. का, हे सांगायला कुणी शहाणा नको. वरून शहराची घाण येऊ लागली, पाण्याला फेस आणि वास, उन्हाळ्यात काठापासून काठापर्यंत जलपर्णीचा हिरवा गालिचा. खाली बंधारे झाले, पाणी साठून राहू लागलं. आणि मग वाळूला सोन्याचा भाव आला. बोटी आल्या, पाइपाने तळातली वाळू ओढू लागल्या. खोदायला पोकलेन आले, वाहून न्यायला हायवा गाड्या आल्या. अधूनमधून वाळूचोरी धरायला साहेब लोक येत, एखादी बोट उडवून देत, तिचा फोटो पेपरात येई, आणि आठवडाभराने दुसरी बोट पाण्यात. गावातल्या देवळात दगडाचं कासव आहे, त्याला चुकून पाय लागला तर माणसं दोनदा नमस्कार करतात. नदीतल्या कासवाला कुणी विचारलं नाही. उगाच दुसऱ्याला कशाला बोला, घर सगळ्यांनाच बांधायचं होतं, आणि घराला वाळू लागतेच.

बन्यामीनची वाडी बेट खचल्यावर बंद पडली. तो काठावर बसून नुसता बघत राहायचा. शेवटच्या वर्षी बेटाचा शेपटाएवढा तुकडा उरला होता आणि त्यावर एकच फांदी होती, तीही त्यानेच रोवलेली. तो गेला तेव्हा पाळकांनी त्याच्याबद्दल चार चांगले शब्द सांगितले. दबोराबाईच्या मनात एवढंच आलं की आता फांदी कोण रोवणार.

त्यांचा मुलगा एबनेझर कोरेगाव भीमाजवळ एका कारखान्यात सुपरवायझर आहे. सरळ, कष्टाळू पोरगा. जुन्या घराला लागून एक पक्की खोली काढायची, हे त्याच्या बायकोचं, मर्सीचं, लग्नापासूनचं स्वप्न. यंदा थंडीत काम निघालं. भिंती उभ्या राहिल्या आणि गिलाव्यासाठी वाळूची गाडी अंगणात रिकामी झाली. गवंड्याने मोठी चाळण तिरपी उभी करून दिली आणि वाळू चाळायचं काम घरच्या बायांकडे आलं. मर्सी फावड्याने वाळू चाळणीवर मारायची, बारीक खाली पडायची, आणि खडे-शिंपले जाळीवरून घरंगळून दबोराबाईच्या घमेल्यात यायचे.

घमेल्यात पांढरं काहीतरी आलं. आधी तिला चुन्याचा खडा वाटला. उचललं तर पातळ, बाकदार. मग तसे पुष्कळ आले. एकावर पिवळा बलक अजून ओला होता आणि त्याला वाळू चिकटली होती.

"थांब," ती मर्सीला म्हणाली. "गाडी कुठनं भरली?"

मर्सीला काय ठाऊक. गाडीवाला अजून फाटकात तंबाखू मळत उभा होता. त्याने सांगितलं, जुन्या वाडीच्या बेटावरून, तेवढाच तुकडा राहिलाय, उद्या-परवात तोही उचलणार. दबोराबाईने घमेलं खाली ठेवलं, कोपऱ्यातली टोपली घेतली आणि नदीची वाट धरली. मर्सीने मागून हाक मारली, पण सासू थांबली नाही.

बेट म्हणजे आता चारी बाजूंनी तोडलेला भाकरीचा तुकडा. पोकलेन वर चढलेलं. चालवणारा बिहारकडचा तरुण माणूस, मशीन बंद करून सावलीला डबा खात होता. दबोराबाई गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेली आणि बन्यामीन बघायचा तसं वाळूकडे ऊन समोर घेऊन बघू लागली. पोटाने दाबलेली वाळू जरा वेगळी दिसते, चोपलेल्या मातीसारखी. पोकलेनच्या पट्ट्याच्या खुणेला लागूनच तशी एक जागा होती. ती खाली बसली.

त्या माणसाने विचारलं, अम्मा, क्या ढूँढ रही हो? तिने हाताने अंड्याचा आकार करून दाखवला. त्याला कळलं असावं. तो डब्याचं झाकण लावत म्हणाला, "जल्दी निकाल लो, अम्मा. मेरे हाथ में कुछ नहीं है." आणि तो मशीनवर न चढता चहा प्यायला काठावर निघून गेला. त्याच्या परीने तोही बाजूला झाला.

ती हातांनी वाळू सारत गेली. कोपरभर खाली बोटांना गोल टणक अंडी लागली. मोठ्या लिंबाएवढी, पांढरीशुभ्र, एकावर एक रचलेली. आणि प्रत्येक अंड्यावर, वरच्याच बाजूला, आणखी पांढरा, खडूने काढावा तसा ठिपका होता. दबोराबाईच्या डोक्यात लख्ख झालं. ती कोळशाने काढायची तो ठिपका इथे देवानेच काढून दिला होता. आता कुठलं उलटलं, कुठलं राहिलं, याचा घोळ व्हायला नको. तिला इतका आनंद झाला की एकटीच हसली.

टोपलीत ओली वाळू घालून तिने अंडी घरी आणली. बन्यामीनचं म्हणणं तिला वाटेत आठवलं आणि तिने मनातल्या मनात त्याला उत्तरही दिलं: तुमचं बाजूला होणं आता चालायचं नाही, तिथे यंत्र उभं आहे. या उत्तरात चूक काय होती? काहीच नव्हती. म्हणूनच पुढचं सांगताना जीव तुटतो.

टोपली तिने पडवीच्या कोपऱ्यात ठेवली, जिथे दुपारचं ऊन पत्र्यावरून उतरून ऊब धरतं. वाळू सुकली की पाणी शिंपडायची. आणि सकाळ-संध्याकाळ, तोंड धुण्याआधी आणि दिवा लावण्याआधी, वाळू बोटांनी बाजूला करून एकेक अंडं उलटायची. सकाळी ठिपका वर, संध्याकाळी खाली. अंगठ्याने अलगद, बाळाची मान सावरावी तसं. रविवारच्या उपासनेला जाताना आधी अंडी उलटायची, मग चप्पल घालायची. पुतणीच्या लग्नाला ती गेली नाही, अंडी कोण उलटणार म्हणून. एकदा ताप भरला होता तेव्हा भिंत धरून पडवीपर्यंत गेली. मर्सी म्हणाली, मी करते, तुम्ही पडा. तर म्हणाली, तुझ्या हाताला घाई आहे.

गावाला थट्टेला विषय मिळाला. दबोराबाई आता कासवावर बसली, असं पारावर म्हणू लागले. धुरपदा रोज डोकावून जायची आणि विचारायची, बाई, निघाली का तुमची लेकरं. दबोराबाईही उलट सुनवायची की निघाली की तुझ्याच विहिरीत सोडते. आतून ती फार सुखात होती. खरं तर इतकी सुखात ती बन्यामीन गेल्यापासून नव्हती. संध्याकाळी अंडी उलटताना ती कधी कधी त्यांच्याशी बोलायची. "तुमची आई गेली निघून," असं म्हणायची, "पर मी हाय."

मर्सीने एक दिवस टोपलीचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. फोटो कुठून कुठे फिरला आणि पुण्याच्या एका मुलीपर्यंत पोचला. अनुपमा तिचं नाव. नद्यांमधल्या कासवांची पाहणी करत ती काठाकाठाने हिंडायची. तिचा मर्सीला फोन आला, पण ती दुसऱ्या नदीवर होती, यायला उशीर होणार होता. तोवर अंड्यांना कुणी हात लावू नका, असं ती म्हणाली. मर्सीने हे सासूला सांगितलं. दबोराबाई म्हणाली, बरोबर आहे तिचं, परक्याचा हात नकोच. आणि संध्याकाळी तिने अंडी उलटली.

उन्हाळा सरला. नदीला गढूळ पाणी आलं. बन्यामीनच्या हिशेबाने पिल्लं निघायला हवी होती. दबोराबाई टोपलीला कान लावून बसू लागली. कासवाचं पिल्लू चिवचिवत नाही हे तिला माहीत होतं, तरी कान लावायची. अंडी उजेडाला धरली तर टणक कवचातून काही दिसेना. मग अंडी हाताला हलकी लागू लागली. हलकं अंडं म्हणजे काय, हे तिच्याइतकं पंचक्रोशीत कुणाला कळत नव्हतं. पण ती कुणाला काही बोलली नाही, आणि उलटायची थांबली नाही.

अनुपमा आली ती अशा वेळी. पायात चिखलाचे बूट, वागण्यात आदब, पडवीत मांडी घालून बसली. टोपली ती पुढे वाकून बघत राहिली, इतकी नीट ती ठेवलेली होती. वाळू ओली तेवढीच, ऊब हवी तेवढीच. दबोराबाईने सवयीने वाळू सारली आणि एक अंडं अंगठ्याने फिरवून ठिपका वर आणला.

"आजी, हे असं रोज करत होता?"

"सकाळ-सांजच्याला. येकबी दिस चुकला न्हाई."

अनुपमाने वाळू पुन्हा सारखी केली. मग म्हणाली, यंदा ऊन फार होतं, कधी कधी अशी अंडी वाया जातात. ती टोपलीकडे बघून बोलत होती, दबोराबाईकडे नाही.

"पोरी," दबोराबाई म्हणाली, "बाद अंडं हातात आल्यावर समोरच्या बाईला कसं सांगावं, ह्यात माझा जन्म गेला. मला नगं शिकवूस. खरं सांग."

तेव्हा अनुपमाने सांगितलं, आणि फार हळू सांगितलं. कासवाच्या अंड्याचं कोंबडीच्या अंड्याच्या बरोबर उलटं असतं. घातल्यावर थोड्याच दिवसांत आतला जीव वरच्या बाजूला कवचाला चिकटतो आणि तिथूनच श्वास घेतो. बाहेरचा पांढरा ठिपका म्हणजे तीच जागा. ती बाजू शेवटपर्यंत वर राहावी लागते. अंडं उलटलं की जीव खाली जातो आणि गुदमरतो. मादी अंडी घालून जाते ती परत येत नाही, कुणी हलवत नाही, म्हणूनच पिल्लं वाचतात.

गवंडी आत नव्या खोलीत शेवटचा हात मारत होता, त्याच्या थापीचा आवाज येत होता.

"म्हंजी ठिपका वर ठिवायचा व्हता," दबोराबाई म्हणाली.

"हो."

"आन् पहिल्याच दिवशी सांजच्याला मी त्यो खाली केला."

अनुपमाने तिचा हात धरला. तुम्ही आणली नसती तर पोकलेनखाली गेलीच असती, असं ती पुन्हा पुन्हा म्हणाली. ते खरंच होतं. पण पोकलेनवाल्याला अंडी दिसलीही नसती, आणि हिने तर रोज दोनदा हातात घेत, माया करत मारली होती. हे दुःख वेगळं असतं आणि त्याला कुणाचं समजावणं पुरत नाही. नदीच्या या पट्ट्यात आणखी कुठे अंडी आहेत का, असं दबोराबाईने विचारलं. अनुपमा म्हणाली, आम्हाला तरी सापडली नाहीत. अनुपमाने मागितलं म्हणून दबोराबाईने एक अंडं फोडू दिलं. आत वाळलेल्या बलकात, कवचाच्या कडेला, मोहरीएवढा काळा ठिपका होता. त्याहून मोठं काही झालंच नव्हतं.

दबोराबाई रडली. सखूबाईच्या वेळी जे राहिलं होतं तेही या रडण्यात आलं असावं, कारण अंड्यांसाठी कुणी इतकं रडत नाही. मर्सी घाबरून पाणी घेऊन आली. सासू तिला म्हणाली, "माझी आय मागं बघत न्हवती. बघितलं आस्तं तर तिचा पाय निघाला नसता, आन् मी दुष्काळात तिच्यासंगं मेले आस्ते. येवढं कळाया मला कासवाची लेकरं मारावी लागली." मर्सीला यातलं निम्मंच कळलं. ती सासूच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

अंडी तिने घरामागे पुरली. पुरताना प्रत्येकाचा ठिपका वर केला.

नव्या खोलीत प्रार्थना झाली, पाळक आले, गोडधोड झालं. पूर्वेकडच्या भिंतीच्या गिलाव्यात, चाळणीतून सुटलेले अंड्याच्या कवचाचे बारीक कण आहेत. रंग दिल्यावर ते कुणाला दिसत नाहीत. दबोराबाईला ते कुठे आहेत हे माहीत आहे, आणि तिने आपली खाट पडवीतच ठेवली आहे. एबनेझरने दोनदा-तीनदा आग्रह केला. म्हणाला, तुझ्यासाठीच बांधली ना खोली. ती म्हणाली, तुम्ही ऱ्हावा, मला वारं लागतं.

दिवाळीनंतर धुरपदा खुडूक कोंबडी आणि पदरात अंडी घेऊन आली. दबोराबाईने अंडी हातात घेतली नाहीत. तिने मर्सीला हाक मारली आणि म्हणाली, "तू बशीव. मी सांगते." धुरपदाला वाईट वाटलं, पण तिने वाद घातला नाही. आपल्या पद्धतीने ती शहाणी बाई आहे.

अंगणात बांधकामातून उरलेली वाळू होती. एबनेझरला त्यातून ओटा करायचा होता. दबोराबाईने विचारलं नाही, पाटी भरली, डोक्यावर घेतली आणि नदीवर गेली. बेट आता नव्हतंच. तिथे खोल डोह होता आणि वर जलपर्णी. काठावर हायवांनी दाबून टणक केलेला मुरमाचा उतार होता. त्या उताराला, पाण्यापासून थोडं वर, तिने वाळू ओतली. पुन्हा आली, पुन्हा भरली. गाव म्हणालं, लोकं नदीतून वाळू आणतात आणि ही नदीला परत देते, डोकं फिरलं. मर्सी आधी लाजली. मग एके दिवशी तिनेही पदर खोचला आणि पाटी उचलली. एबनेझरने ओट्याचा बेत सोडून दिला.

चांगली खाटेएवढी, कोपरभर खोल वाळू झाली. तिन्ही बाजूंनी दबोराबाईने बाभळीच्या फांद्या रोवल्या आणि पाण्याकडची बाजू मोकळी ठेवली. शेवटी हाताने वाळू सारखी केली, आणि त्यानंतर तिला हात लावला नाही.

थंडी सरत आली तशी ती रोज उन्हं कलताना नदीवर जाऊ लागली. जवळ जात नाही. दूर चिंचेखाली बसते, दोन्ही हात पदरात गुंडाळून. एकदा जलपर्णीच्या फटीत सोंडेसारखं नाक वर आल्यासारखं वाटलं. ती उठली नाही, हललीही नाही, श्वास रोखून बसली. नाक होतं की काटकी, ते कळायच्या आत पाणी सारखं झालं.

धुरपदा सोबतीला जाऊन बसते कधीमधी. तिने एकदा विचारलं, आलंच कासव तर काय करणार. दबोराबाई म्हणाली, "काय न्हाई. बाजूला व्हणार."

होळी झाली. पाणी आटत चाललं, वास वाढला. दबोराबाई अजून जाते. बन्यामीनने जन्मभर सांगितलेलं तिला आता पुरतं साधलं आहे. बाजूला कसं व्हायचं ते तिला येतं. वाळू तिने ठेवली तशीच आहे, सारखी, आणि तिच्यावर एकसुद्धा पाऊल उमटलेलं नाही.